मीठ की दार

कलेक्टर कचेरीतल्या पोराने फॉर्म माझ्या बाजूला फिरवला.
नाव: बारकू सखाराम निरभवणे.
वय: अंदाजे.
शिक्षा: एक महिना सक्तमजुरी, नाशिकरोड. साल तीस.
कोणत्या आंदोलनात?
म्हटलं, देवळाच्या दाराच्या.
त्याने टोपण लावून पेन खाली ठेवलं.
"आजोबा, इंग्रजांविरुद्ध असावं लागतं."

त्या उन्हाळ्यात जेलात दोनच जाती होत्या,
मिठाचे कैदी आणि दाराचे कैदी.
मिठाचे आले की फाटकाबाहेर हार, गुलाल, जयजयकार.
आम्हाला आणलं तेव्हा लॉरीमागे
एकटी ठमामावशी धावत होती.
रथाच्या दिवशी दगड बसलेला,
कपाळाला ओलं फडकं,
आणि ओरडत होती,
"बारक्या, चपला राहिल्या रे तिथं!"

राहिल्या खऱ्या.
रोज पहाटे रामकुंडावरून वर पंचवटीत जायचो,
बंद दारासमोर बसायचो,
आणि बसण्याआधी चपला काढायचो,
रांगेत, नीट,
जशा काढतात
आत जायचं असलं की.

जेलात मला पत्र्याचा बिल्ला मिळाला. चारशे सतरा.
जात्यावर माझ्या जोडीला केशव गर्गे, मिठाचा.
दुपारी सावलीत बसून
लिंबाच्या काडीने मातीत अक्षरं काढायचा.
आधी ब, मग र. नावापुरतं.
मी पुसायचो, पुन्हा गिरवायचो.
एकाच मातीत त्याचं बोट, माझं बोट.
पाणी मात्र वरून ओतायचा, ओंजळीत,
टमरेलाची कड मला लागणार नाही
इतकं जपून.
त्याचं त्याला कळत नसावं.
मला कळायचं,
आणि तहान लागलेली असायची.

सहकैद्याचा दाखला जोडा, म्हणाला पोरगा.
मग बेचाळीस वर्षांनी गंगापूर रोडला
गर्ग्यांचं घर विचारत गेलो.
डोळे गेलेले. मी नुसता खाकरलो, तर म्हणे,
"चारशे सतरा?"
चहा त्यानेच केला, चाचपडत, साखर दोनदा घालून.
कप देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली
आणि तिथेच राहिली.
मीही हात काढला नाही.
या गोष्टीवर आम्ही काही बोललो नाही.

दाखला मीच लिहायचा, तो सांगणार.
अक्षरं त्याचीच होती म्हणा.
"सदर इसम मिठाच्या सत्याग्रहात
माझ्यासोबत..."
मी थांबलो.
"लिही की. कोण बघतंय?
पेन्शन सुरू होईल. मी देणं लागतो तुझं."

म लिहून झाला होता.
घरात सून शिवणाच्या मशीनवर वाकलेली असते,
नातवाची फी दोन महिन्यांची थकलेली.
म कडे बराच वेळ बघत बसलो.
मग खोडला.
"काय लिहिलंस?"
"दार."

तो गप्प. पंखा कुरकुरत होता.
मग विचारलं त्याने, हळू,
"कसं होतं रे ते दार?
मी पोरपणापासून आतबाहेर करत आलो,
पण आठवत नाही."

आत काळ्या दगडाचा देव आहे म्हणतात,
माझ्याच रंगाचा.
त्याचं मला ठाऊक नाही.
दार विचारा.
खिळ्यांच्या नऊ ओळी. ऊन आधी वरच्या कड्यावर येतं.
डाव्या फळीला उभी चीर.
सगळ्यात खालच्या ओळीत एक खिळा नव्हता,
तिथे करंगळीएवढं भोक.
आरतीच्या वेळी
त्यातून कापराचा वास बाहेर यायचा,
आणि ठमामावशी
पदर पसरून तो घ्यायची.

"हेही लिही," गर्गे म्हणाला.
फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.