गुरुवारची गाडी

मोनालीने पहिल्यांदा लिहून आणलं ते असं:
प्रति, आई. विषय : तुझी आठवण येत असल्याबाबत.
मी हसले नाही.
बचत गटाचे ठराव नऊ वर्षं मीच लिहिते,
विषय टाकल्याशिवाय माझाही पेन पुढे सरकत नाही.

तिची आई मिरची तोडायला गेली आहे, तेलंगणात,
संक्रांत झाल्यावर, गावातल्या बावीस बायांसोबत.
फोन एकच, मुकादमाचा. रविवारी दोन मिनिटं,
तीही सगळ्यांच्या मधात, स्पीकरवर.
चिठ्ठी मात्र जाते.
दर गुरुवारी तांदूळ घेऊन पिकअप निघते,
ड्रायव्हर खिशात ठेवतो, हरवत नाही.

"बस," म्हटलं, "आधी कच्चं लिहू.
सातवीच्या वहीची पाठकोरी पानं आन."

दुसऱ्यांदा तिने लिहिलं,
आम्ही सर्व येथे मजेत आहोत. तू स्वतःची काळजी घे.
"हे तं कोनाच्याबी मायले चालते.
तुह्याच मायले कळंल असं काय हाय, ते सांग."
ती ओट्याचं वाळलेलं शेण नखाने खरवडत बसली.
मग हळूहळू निघालं:
बकरीला दोन पिल्लं झाली, एकाचा कान पांढरा.
मोह पडायला लागला.
आपल्या झाडाखालचा पाला मी झाडून ठेवला,
दुसऱ्या कोणी टोपली मांडू नये म्हणून.
बाबा पहाटेच वेचायला जातात, मी डबा नेऊन देतो.

"लिही," म्हटलं. "बोलली तसंच."
"देतो लिहू का देते? शाळेत देते म्हनतात."
"माय काय म्हनते?"
"देतो."
"मंग देतो."
(ठरावात मी कायम देते लिहिलं आहे.
सही केल्यावर बायांना म्हणते, आता घरी जातो.)

शेवटी तिने लिहिलं: खूप खूप खूप आठवण येते.
मी दोन खूप खोडले. एकात भागते, म्हटलं.
"मावशी, एकात नाही भागत."
मी परत लिहू दिले.

लाईट गेली, आली.
पान भरलं तरी ती उठेना.
खाली एक ओळ लिहिली आणि इतकी गिरवून खोडली
की कागदाला भोक पडलं.
मग माझ्या कानाशी आली, सांगितलं,
सोमवारपासूनचं.
"हे लिहू?"
"चिठ्ठी वाचते कोन तिथं?"
"मुकादमाचा भाचा. प्रफुल्ल. जेवनं झाल्यावर, समद्यायसमोर."

माझी नऊ वर्षं तिथे काही कामाची नव्हती.
ठरावात सगळं उघडं लिहायचं असतं,
सूचक कोण, अनुमोदक कोण, कोणाची सही, कोणाचा अंगठा.
बावीसजणींनी ऐकावं आणि एकीलाच कळावं,
असं लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही.
तिलाही नाही.
बराच वेळ ती पेनाचं टोपण चावत राहिली,
मग नवं पान घेतलं.

माय, पेटीतली तुही निळी साडि, मऊ झालेली,
मी फाडली. मावशीनं सांगितलं तशा घड्या केल्या.
पोट दुखत होतं, आता नाही.
रागावू नको.

मी चष्मा लावून दोनदा वाचलं.
साडीची वेलांटी दुसरी केली.
बाकी कशालाही हात लावला नाही.

पुढच्या गुरुवारी ड्रायव्हर अंगणात उभा राहिला,
हातात मिरचीची पिशवी, शिंकत.
"एवढं काय लिवलं होतं वो चिठ्ठीत?
एका जुन्या साडीपायी कोनी एवढं रडते का?
आन हे पाहा, निरोप हाय.
पांढऱ्या कानाचं पिल्लू इकू नोका म्हने.
आन पोट्टीले म्हना, हिरवीबी काढजो पेटीतली,
ते निळ्याहून मऊ हाय म्हने."