मापाची वही

पान एकशे चौदा. अतिग्रे, मुरलीधर केरबा.
छाती अठ्ठावीस, खांदा तेरा, उंची—
उंची लिहायची राहिली,
कारण पोरगं टेपखाली उभं राहीना.
पायरीवरचं एक वाळकं लिंबू
उजव्या पायाकडून डाव्याकडं, डाव्याकडून उजव्याकडं.
केरबा गवंड्यानं टपली हाणली,
लिंबू माझ्या मशीनखाली गेलं.

तालमीच्या अकरा जर्सी शिवल्या त्या साली.
पैसे गणपतीनंतर देतो म्हणाले.
कुठल्या सालचा गणपती, ते बोलले नाहीत.
नऊ नंबर मांजरपाटातनं कापला,
पोटाकडं जरा फुगला. मुरल्या म्हणाला, असू दे काका,
पाठ कुणाला दिसतीय.
दिसली. शाहू मैदानाच्या सगळ्या पायऱ्यांना
पुढं आठ वर्षं तीच दिसली, लांब जाणारी.

त्याच पानाच्या समासात पहिली रेघ काठमांडूची.
रेडिओ दुकानाच्या दारात, गल्ली रेडिओवर वाकलेली,
आणि निवेदक म्हणाला, गोल, मुरलीधरन!
केरबा अतिग्रेचं पोरगं
एका श्वासात केरळला गेलं.
पेठेनं त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही.

दुसरी, तिसरी ढाक्याची, एकाच संध्याकाळची.
तिसरा गोल म्हणे गुडघ्याला लागून गेला.
मी गुडघा वेगळा लिहिला नाही.
चौथी, पाचवी...
केरबानं यातला एकही बघितला नाही.
गिलावा ओला असला की माणूस
परांचीवरनं उतरत नाही खाली.
खालनं कुणीतरी ओरडायचं, पोरानं घातला बघ!
तो वरनं थापी हलवायचा,
एवढंच.

मग तीन वर्षं समास कोरा.
तोच गुडघा.

अकरावी कालिकतची. आणि मस्कतला, शेवटच्या मिनिटाला,
बारावी—
झेंडा वर गेला म्हणतात.
पण पेठेनं तोवर माळ लावली होती
आणि पेटलेली माळ परत घेता येत नाही.
तालमीच्या भिंतीवर सकाळी रंगवलं: बारा.
पलीकडच्या पेठेनं रात्री येऊन केलं: दहा.
त्यावरनं दोन डोकी फुटली.
अकरा कुणीच लिहिलं नाही.

परवा आला. पाटबंधारे खात्यातनं थेट,
डबा हातात, चाल थोडी डावीकडं कललेली.
पिशवीतनं निळी जर्सी काढली.
काका, ही पोरीच्या मापाची करा.
शाळेच्या टीममधी घेतलंय तिला. नंबर तेवढा ठेवा.

पोरगी गौतमी, टेपखाली खांबासारखी उभी.
छाती अठ्ठावीस. उंचीसकट सगळं लिहिलं.
चुळबूळ करत होता तो तिचा बाप.
निळ्या कापडाला कात्री लावताना
माझा हात थांबला, पन्नास वर्षांत पहिल्यांदा.
लावा काका, म्हणाला. कापडच हाय.

मग त्याला वही दिसली. समासावरनं बोट फिरवलं,
ओठांत मोजलं.
बारा कशा?
मस्कत, मी म्हटलं.
ऑफसाइड होतो. अर्धं पाऊल.
मला तवाच कळलं होतं, झेंड्याच्या आधी.
तरी हात पसरून पळालो कोपऱ्यापर्यंत.
एवढं पळालो नव्हतो कुठल्याच खऱ्या गोलाला.

खोडरबर होता टेबलावर. त्यानं तो उचलला नाही,
मीही पुढं केला नाही.
सुईत पांढरा दोरा ओवला
आणि बाराव्या रेघेवर, कागदातनंच,
धावदोरा घातला, चार टाके, लांब लांब.
कच्चं शिवण आम्ही असंच धरतो.
अंगावर बसतंय का बघितल्याशिवाय
त्यावर मशीन मारत नाही.

निघताना पाकीट काढलं त्यानं.
किती झाले, काका?
मी म्हटलं, हिचे राहू देत.
त्या अकरा जर्सींचे तेवढे बघ.