वीस मिलिसेकंद

बटण आपण एकदाच दाबतो.
यंत्राला ऐकू येतं:
आहे, नाही, आहे, आहे, नाही, आहे.
धातूला धातू भेटला की थोडा थरथरतो,
मग स्थिरावतो.
त्या थरथरीतून एकच होकार वेचून काढायचा,
ही काइसू वेस्तेरिनेनची पहिली नोकरी.

औलू शहर, सत्त्याण्णव साल.
कँटीनमध्ये गुरुवारी वाटाण्याचं सूप.
तिने एकेचाळीस ओळी लिहिल्या,
त्यांतली एक नुसती थांबायची:
वीस मिलिसेकंद, मग पुन्हा बघ.
साहेब म्हणाला, दहा पुरेत.
ती काही बोलली नाही.
फोन घेऊन बाहेर गेली, उणे एकोणतीसमध्ये,
आणि हातमोजा काढून सातचा आकडा दाबत राहिली,
दोनशे वेळा.
परतली तेव्हा बोट पांढरं पडलेलं,
वहीत तेवीस ठिकाणी एका सातचे दोन झालेले.
वीस राहिले.

त्या ओळी किती खिशांतून फिरल्या कुणास ठाऊक.
कुणी प्रेयसीला नंबर लावला, कुणी सावकाराला,
दर आकड्यामागे हिचं एवढंसं थांबणं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
येऊ नये, याचाच पगार होता.

संध्याकाळी विद्यापीठात ती प्रबंध लिहायची:
ऐकलेल्यावर विश्वास कधी ठेवावा.
चौथ्या प्रकरणात गाडं अडलं.
जास्त थांबलं की चुका घटतात,
पण उशीर मोजायचा कशात?
मार्गदर्शक निवृत्त होऊन मधमाश्या पाळू लागले.
प्रबंध माळ्यावर गेला, स्कीच्या जुन्या बुटांशेजारी.

मग कंपनीच बुडाली.
खुर्च्या विकायला काढल्या,
तिने स्वतःचीच खुर्ची पस्तीस युरोंना विकत घेतली
आणि बसच्या मधल्या जागेत उभी करून घरी आणली.
पुढे तीन वर्षं लिफ्ट, नंतर सलाईनचे पंप.
पुन्हा बटणंच.
फक्त आता एकाचे दोन झाले
तर कुणाच्या तरी शिरेत जायचे.

घरचं काम वेगळं. त्याला पगार नाही, मुदत नाही.
भाऊ ऊर्यो, अर्धांगानंतर बोलणं गेलेलं,
उजवा हात कापरा.
त्याच्यासाठी बशीएवढं लाल बटण:
एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नको.
वीस मिलिसेकंद इथे कुठे पुरणार!
चारशे करून पाहिले. सातशे.
नऊशेला त्याने बटण टेबलावरून ढकलून दिलं.
सहाशे चाळीसवर तह झाला.
कॉफी? हो.
औषध? नको, नको.
(ते दुसरं 'नको' खरं होतं की थरथर,
यावर दोघांचं अजून एकमत नाही.)

मार्चमध्ये एका रविवारी
तिने टाकून दिलेल्या खुणांची यादी सहज उघडली.
प्रोग्रॅमने कचरा म्हणून फेकलेलं सगळं.
रोजचे पाच-दहा ठिपके,
आणि दर शनिवारी साडेसातनंतर
मुंग्यांची रांग फुटावी तसे शेकडो.
आधी वाटलं, वायर ढिली असेल.
मग आठवलं, शनिवारी शेजारचा तौनो येतो,
बर्फाला भोक पाडून मासे धरतानाच्या
त्याच त्या थापा मारतो,
आणि ऊर्योचा हात बटणावरच असतो.

हसत होता तो.
सहा महिने ती त्याचं हसू गाळत होती.

त्या रात्री तिने एकच ओळ बदलली.
आता कचरा फेकला जात नाही.
फार दाटला की खिडकीपाशी
एक पिवळा दिवा लागतो,
कितीदा, किती वेळ, काही न मोजता.
तौनो म्हणतो, डोळ्यांवर येतो, बंद कर.
दिवा आणखी जोरात लुकलुकतो.