परमिट

संध्याकाळी सुकी नदीच्या अंगाने वावधान आलं
आणि पाऊण तासात निघूनही गेलं.
थेंब नाही, नुसता धुरळा.
मागे आडवी केळी, घडासकट,
सगळ्यांची डोकी एका दिशेला.

सात चाळीसला सुभान तडवी सबस्टेशनात आला.
वहीत लिहिलं : नदीकाठ फीडर, अकरा केव्ही, बंद.
मी ब्रेकर पाडला, आयसोलेटर उघडून कुलूप घातलं,
चावी पर्समध्ये टाकली, डब्याखाली,
हँडलला पाटी अडकवली : माणसं कामावर आहेत.
त्याने सही केली. मी केली.
मग त्याने हातमोजे मनगटाकडून गुंडाळत नेले,
बोटांत हवा कोंडली, कानाशी धरली,
कुठे सुस्कारतंय का.
हे मोजे यायला चार वर्षं पत्रं लिहावी लागली.
जुने भाजीला पाणी घालताना वापरतात लोक.

मग फोन.
"कव्हा येईन लाईन?"
दूध डेअरी. दवाखाना. परत डेअरी.
मंगल कार्यालयाला मीच लावला :
जनरेटर चालू करताना चेंजओव्हर नीट खाली पाडा,
नाही तर तुमची वीज उलटी तारेवर चढते
आणि तारेवर आमचा माणूस आहे.
"बघतो," म्हणाले.
बघतो नाही, पाडलाय म्हणा.
मी फोन धरून बसले. मागे सनई. मग एकजण म्हणाला, "पाडला."

सरपंचांचा पुतण्या गाडी घेऊन फाटकाशी आला.
"एक बटन दाबाचं त आहे, बाई."
हो. एकच आहे.
हिरवं, बोराएवढं.

सुपडू तायडेच्या वेळीही एकच होतं.
तेव्हा मी नव्हते. कोणीतरी घड्याळ पाहून म्हणालं,
"झालं असेल आता."
सुपडूभाऊ आता तक्रारखिडकीत बसतात.
उजवी बाही दुमडून सेफ्टीपिन लावलेली,
डाव्या हाताने नोंदी. अक्षर सुधारलंय,
फक्त काने थोडे मागे कलतात,
वाऱ्यातल्या खांबांसारखे.
त्यांनी मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं :
'असेल' हा शब्द वहीत लिहायचा नाही.

नऊ वीस. सुभानचा फोन लागत नाही.
हेल्परचाही नाही.
नऊ पन्नासला एक पोरगा धापा टाकत आला :
"सुभानभाऊनं सांगतलं, झालं. सोडा."
सुभानला बोलू दे.
"मी खोटं बोलू राहिलो का?"
नाही रे.
पण परमिट ज्याच्या तोंडून गेलं
त्याच्याच तोंडून परत येतं.
तो मला काय काय म्हणाला ते वहीत नाही.

गाव काळंभोर. लांब कुत्री.
अंगाला ओला रुमाल लावून मी
पर्समधली चावी चाचपत राहिले, दर दहा मिनिटांनी.

दहा चाळीसला अनोळखी नंबर.
"बाई, मी बोलू राहिलो. सुभान.
तिकडे कोणी आलं होतं का?
मी वरून म्हणलं, एका खांबाचं झालं.
तो एवढंच ऐकून पळाला."
मी काही बोलले नाही.
"बाई?"
हो. आता सांग.
"मी खाली. गोविंदा खाली. नवा हेल्पर खाली.
तिन्ही तारांचं अर्थिंग काढलं.
शिडी, दांडा, पक्कड मोजली. परमिट परत."

दहा त्रेचाळीस. लिहिलं. पाटी काढली.
बटण दाबताना बोट थोडं ओलं होतं.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला
आणि नदीपलीकडे एकेक घर उमटत गेलं.
लाईन आल्यावर कोणी फोन करत नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर तक्रार आली :
'सबस्टेशनच्या बाईंनी तीन तास मुद्दाम लाईन अडवली.'
सुपडूभाऊंनी ती शब्दन् शब्द उतरवून घेतली,
तारीख, वेळ, नाव, कलत्या कान्यांसकट.
शेवटच्या रकान्यात, कारवाई काय केली, तिथे लिहिलं :
बाईंना चहा पाजला.