तिसरा रविवार

पाळकसाहेबांकडे पाच देवळं आहेत आणि एक मोटरसायकल.
आमच्याकडे ते तिसऱ्या रविवारी येतात.
उरलेल्या रविवारी उपासना मी चालवते,
कारण माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो
आणि मागच्या बाकावर आता कोणी बसत नाही.

अकरा माणसं. लग्नसराईत सात.
बाकीचे हायवेवरच्या नव्या हॉलमध्ये गेले,
तिथे स्पीकर आहेत, तिथे लंगडे चालू लागतात म्हणे.
आमचा रत्नाकर लंगडत येतो, लंगडत जातो,
घंटा मात्र वेळेवर वाजवतो.

कमिटीनं मला विचारलं होतं, चष्म्याचा नंबर बरोबर आहे ना.
बाकी काही विचारलं नाही.
‘मी विश्वास धरते’ हे पान मी जरा भराभर वाचते,
जशी जलद बस लहान थांब्यांवरून जाते,
हात दाखवणारी माणसं धुळीत ठेवून.

देव नाही, असं मी म्हणत नाही.
एका बंद घरापुढे मी रोज दुधाची पिशवी ठेवते, एवढंच.
सकाळी ती तिथे नसते.
मांजरही नेत असेल.

एक जागा मात्र सोडावीच लागते.
पापं आम्ही सगळे मिळून कबूल करतो, गुडघे टेकून,
ज्यांचे गुडघे टेकतात ते.
त्यापुढचं क्षमेचं वाक्य पाळकांचं. नियमच आहे.
मी पान उलटते.
आमची पापं मोजून झालेल्या तुरीसारखी पडून राहतात,
चुकारा बाकी,
तिसऱ्या रविवारपर्यंत.

उपवासकाळात, पळस फुलून गळायला लागला तेव्हा,
शलोमीबाई रंगारीची सून स्कूटर घेऊन दारात आली.
म्हातारी पडवीत, खाटेवर, अर्धी उरलेली.
“पाद्री कधी येते?”
“पुढच्या रविवारी.”
“तवरिक मी नाही राहत. तूच म्हण थे वाक्य.”
मी म्हटलं, मला परवानगी नाही.
तिनं ते ऐकलंच नाही.

“थे सणाची कोंबडी. बिमार होती. मले माहीत होतं.
तरी टोपलीत घातली. वाटलं, देवाले काय समजते.
तुह्या बापानं घेतली थे लिलावात.”

एकशे चाळीस रुपयांना घेतली होती.
चौथ्या दिवशी आमच्या एकोणीस कोंबड्या
आंगणात आडव्या पडल्या, कपडे वाळत घालावे तशा.
बाप जांभळाखाली उभा राहून म्हणाला, रोग हवेतून आला.
त्या अंड्यांवर माझ्या नर्सिंगची फी होती.
एक वर्ष मी घरी बसले आणि हवेला शिव्या दिल्या.

पुस्तक उघडलं. ‘देव तुम्हांवर दया करो.’
‘तुम्हांवर’ माझ्या तोंडी शोभत नाही.
पाळकसाहेबांनी शिकवून ठेवलं होतं:
वेळ आलीच तर ‘आम्हांवर’ म्हणा.
पण ‘आम्ही’ म्हटलं की समोरचं माणूस बाहेर राहतं,
खाटेवर, एकटंच.
पुस्तकात नसलेला शब्द मग माझ्या तोंडून गेला.
‘देव आपल्यावर दया करो.
आपली पापं…’
आणि तिथे मी अडखळले,
कारण त्यात मीही आले होते,
भराभर वाचलेल्या सगळ्या पानांसकट.

“हाव,” म्हातारी म्हणाली. आमेनऐवजी.
मग विचारलं, जेवली का.

ती मेली नाही.
तिसऱ्या रविवारी सुनेच्या मागे बसून देवळात आली
आणि पाळकांकडून तीच क्षमा परत एकदा घेतली,
पक्की पावती असावी म्हणून.

दिवाळीनंतर कापणीचा सण झाला.
वेदीपुढे भोपळे, शेंगा, संत्र्यांचा ढीग,
आणि पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी.
कोणी दिली ते विचारायचं नसतं, सगळ्यांना माहीत असतं.
लिलावाच्या वेळी मी पुढे गेले.
डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली,
पंख उचलून खालची कातडी पाहिली.
शलोमीबाई पहिल्या बाकावरून बघत होती.

दोनशे साठला घेतली.