तिसरी रेघ

जेलमध्ये वीज सोडली की रक्त चालू लागतं.
म्हणजे रक्त नाही, रक्तातली अक्षरं.
आखूड शब्द पुढे पळतात, लांब मागे रेंगाळतात.
रिबेराव प्रेतूच्या या प्रयोगशाळेत
बावीस वर्षं मी ही शर्यत बघतेय.

आज चौथ्या खोबणीत आई आहे,
पाचवीत मी, सहावीत भाऊ एदिवाल्दो,
जो सोमवार, बुधवार, शुक्रवार
आपलं रक्त यंत्राकडे धुवायला टाकतो.
सही करताना आईने विचारलं होतं,
"एवढ्याशा नळीत माझं काय मावणार, लिंडाल्वा?"

सतराव्या गुणसूत्रावर एक जनुक.
त्याचं एन्झाइम रक्तवाहिन्या आवळतं, दाब चढवतं.
काहींच्या जनुकात मध्येच
दोनशे सत्त्याऐंशी अक्षरं जास्तीची,
बोलता बोलता कुणी खाकरावं तशी, बिनअर्थाची.
काहींच्यात ती नाहीत.
नसली तर एन्झाइम जरा जास्त, आणि मग
हृदय, मूत्रपिंडं... एक निबंध म्हणतो, संबंध आढळतो.
पुढचा म्हणतो, आढळत नाही.
मी दोघांसाठीही जेल ओतलेत.

आईची गोळी याच एन्झाइमचा हात धरते.
गोळीचं कूळ जराराका सापाच्या विषात.
वाळक्या केळीच्या सोपटाचा रंग त्याचा,
बागेत दिसतच नाही.
बाबांच्या पोटरीला तो डसला तेव्हा
मी आईच्या पोटात सात महिन्यांची.
घड खांद्यावर होता. तो त्यांनी आधी नीट उतरवला म्हणे,
मग बसले, मग आडवे झाले.
होडी रेजिस्ट्रोच्या धक्क्याला लागेपर्यंत
नाडी बोटाला लागेना.
मागे एक फोटो. त्यातही टोपीची सावली तोंडावर.

हे विषाचं मी आईला सांगायला नको होतं.
गोळ्यांच्या पाकिटाकडे बराच वेळ बघून ती म्हणाली,
"म्हणजे फेडतोय मेला. हप्त्याहप्त्याने."
आणि रात्री तिला कोरडा खोकला लागायचा,
या गोळीने काहींना लागतो तो,
तेव्हा भिंतीपलीकडून यायचं, "हे व्याज."
डॉक्टरांनी गोळी बदलली. खोकला थांबला.
आता ती शांततेने जागी राहते.

दिवा लावते.
चौथी खोबण, एकच रेघ, वरची.
आईला दोन्हीकडून लांब शब्द मिळालेत.
निबंधांच्या हिशेबाने तिची काळजी कमी,
आणि तिचा दाब एकशे ऐंशी.
खारवलेले मासे, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे घड वाहणं,
यांची रेघ उमटत नाही.

पाचवी आणि सहावी हुबेहूब.
एक वर, एक खाली, माझी तशीच एदिवाल्दोची.
तरी तो तिथे, सुईला दंड देऊन,
मी इथे, हातमोजे घालून.
का, ते जेलला विचारू नये.

खालची रेघ आईकडची असूच शकत नाही.
म्हणजे हे बाबा.
एवढंच त्यांनी आम्हा दोघांना दिलं,
दोनशे सत्त्याऐंशी अक्षरांचं नसणं,
आणि त्या नसण्यावरूनच मी आज त्यांना ओळखलं.

आणि वर, लांब रेघेच्याही वर, एक फिकट तिसरी.
पुस्तकं सांगतात, दुर्लक्ष करा, तो प्रयोगातला दोष.
तापवून सुटे केलेले धागे निवताना
कधी आपला जोडीदार सोडून भलत्यालाच बिलगतात,
एक आईकडचा, एक बाबांकडचा.
जास्तीची अक्षरं मधे फुगून राहतात,
सात महिन्यांच्या बाईसारखी त्यांची चाल जड होते,
म्हणून ते सगळ्यांच्या मागे.

अहवालात त्यासाठी रकाना नाही.
पण फोटो कापताना
मी या वेळी वर चांगली बोटभर जागा सोडली.
रविवारी आईला दाखवीन.
ती चष्मा शोधेल, म्हणेल, कुठे? मला तर डागच दिसतोय.