बावीस मिलिमीटर

दर मंगळवारी दोना फेलिझ्मिनाच्या पायाला
मी कागदी पट्टी लावते.
डाव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर,
जानेवारीत लिंबाएवढी होती जखम,
एप्रिलात ऑलिव्हएवढी.
मी फॉर्म भरत होते, ती भरत होती.
अकरा मिलिमीटर, असं लिहिताना
माझं अक्षरसुद्धा सुधारलं होतं.

पोर्तोच्या या उतरणीला बहात्तर पायऱ्या आहेत.
वर पोचेपर्यंत माझीच नाडी मोजायची वेळ येते.
ती मात्र सत्तरीपर्यंत रोज चढायची,
सार्डिनच्या कारखान्यात दिवसभर डबे भरून,
बोटांचा वास लिंबानं घालवत.

समोरच्या खिडकीत अदेरितू. जुना ट्रामवाला.
सकाळी आठला बनियन दोरीवर टाकता टाकता
साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा,
"काय गं म्हातारे, आहेस का गेलीस?"
आणि ही, कवळी बसवायच्याही आधी,
"तुला पोचवल्याशिवाय जात नाही मेल्या!"
मग दोघं खोकला येईपर्यंत हसायची.
मी ते कुठे लिहिलं नाही.
लिहायला रकाना नव्हता.

मे महिन्यात पत्र आलं.
घरमालकाच्या पुतण्याचं, वकिलाच्या सहीचं,
फार सभ्य. कुठे एक शब्द वावगा नाही.
तिनं ते चौघडी करून साखरेच्या डब्याखाली सारलं
आणि रोज दोनदा, कॉफीच्या वेळी,
डबा उचलला की ते तिथेच असायचं.

खालचा चांभार उठला.
दारादारांना आकड्यांच्या कुलपांच्या डब्या लागल्या.
रात्री दोनला पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगा येतात,
खड्, खड्, खड्,
बहात्तर वेळा.
"मला वाटतं, माझंच सामान चाललंय," ती म्हणाली,
आणि ओठ पुसले, काही खाल्लं नसताना.

जून: सोळा. वरचा दाब एकशे अडुसष्ट.
जूनच्याच शेवटी मुलगी येऊन अदेरितूला
नदीपलीकडे, लिफ्टच्या इमारतीत घेऊन गेली.
दोरीवर चिमटे तेवढे राहिले.
जुलै: बावीस.

डॉक्टरांनी मलम बदललं, गोळी वाढवली,
विचारलं, "जेवणात मीठ जास्त असतं का?"
"सूपच करत नाही आता," ती म्हणाली,
"एकटीसाठी कोबी कोण चिरणार?"
डॉक्टरांनी लिहिलं: मीठ कमी.

आम्हाला शिकवलं होतं,
भीती रक्तात उतरते आणि कातडीला सांगते,
थांब, शिवणटिपण नंतर, आधी पळायचंय.
पण एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्या पायानं,
पळायचं कुठे?
आणि न पळता नुसतं पळायच्या तयारीत
किती महिने बसून राहायचं,
पडदा ओढून, खुर्चीच्या कडेला?

परवा मी काय केलं, ते फॉर्ममध्ये नाही.
पहिल्या पायरीवर उभी राहून,
हातात पिशवी, गळ्यात ओळखपत्र,
दोन परदेशी पोरं नकाशा धरून बघतायत,
आणि मी ओरडले,
"काय गं म्हातारे, आहेस का गेलीस?"

बराच वेळ काही नाही.
मला माझे ठोके कानात ऐकू येऊ लागले.
मग वरची खिडकी करकरली.
"त्याची नक्कल करू नकोस," ती म्हणाली.
"त्याचा आवाज चांगला होता."
खिडकी मिटली नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

वर गेले तर ओट्यावर अर्धा कोबी,
सुरी, आणि दोन वाडगे.
नदीपलीकडून फोन आला होता म्हणे;
तिकडे म्हणे लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही.
पत्र अजून साखरेच्या डब्याखालीच,
तारीख सप्टेंबरची.

मी पट्टी लावली.
एकवीस.
एक मिलिमीटर. माझा हात तिरका असेल,
उजेड कमी असेल.
दोनदा मोजलं.
तिनं विचारलं, "काय म्हणते?"
मी म्हटलं, "आहे."